आमच्यात असतंच, मॅडम

डोळ्यातला वडस हा घराण्याचा, समाजाचा, वंशाचा आजार आहे असं मी बरीच वर्षं मानत आले. पुण्यात डोळ्यांची प्रॅक्टिस करताना ‘आमच्यात असतंच, मॅडम, आईला होता, मामाला होता’ हे वाक्य इतक्यांदा कानांवर पडलं, की केसपेपरवर ‘घरात आणखी कुणाला : होय’ असं लिहून मी पुढच्या रकान्याकडे वळत असे. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते कशानं बदललं आणि कुठवर बदललं, हे मोकळेपणानं मांडावंसं वाटतं. कारण असं मत नुसतं डोक्यात राहत नाही, ते चिठ्ठीवर उतरतं. वडस रक्तात आहे असं मानणारा डॉक्टर ऑपरेशनची तारीख देतो. तो उन्हातून येतो असं मानणारा आधी विचारतो, ‘काम काय करता? घरातून किती वाजता निघता? डोक्यावर काय घेता?’

वडस आणि मोतीबिंदू यांची गल्लत रोज होते, म्हणून थोडं सांगते. मोतीबिंदू डोळ्याच्या आत, भिंगात होतो. वडस वरच्या पृष्ठभागावर असतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जे पातळ, ओलसर आवरण असतं, ते बहुतेक वेळा नाकाकडच्या बाजूला जाड आणि लालसर होतं आणि त्रिकोणी आकारात बुबुळावर सरकायला लागतं. म्हणून लोक ‘डोळ्यात मांस वाढलंय’ असं सांगत येतात. आमच्या पुस्तकांत त्याला टेरिजियम म्हणतात. स्लिट लॅम्पखाली तो पाहणं हा मला अजूनही विलक्षण अनुभव वाटतो. त्रिकोणाचं टोक बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात घुसलेलं असतं. टोकापुढे राखाडी, गढूळ कड दिसते. मागून येणाऱ्या रक्तवाहिन्या ताणून बांधल्यासारख्या सरळ असतात. जुन्या, संथ झालेल्या वडसात टोकाच्या पुढे एक बारीक तपकिरी रेघ दिसते; ती लोहाची असते. हे मांस कॉर्नियाला एका बाजूनं ओढतं, त्यामुळे चष्म्याचा आडवा नंबर चढत जातो आणि दर वर्षी चष्मा बदलूनही ‘नीट दिसत नाही’ ही तक्रार काही सुटत नाही. वडस बाहुलीपर्यंत पोचला की मग दृष्टीच झाकली जाते.

आजार जुना आहे. सुश्रुतानं उत्तरतंत्रात ‘अर्म’ या नावाखाली याचे पाच प्रकार सांगितले, आकड्यानं उचलून तो कसा कापावा हे सांगितलं, आणि नाकाकडच्या कोपऱ्याला इजा होऊ देऊ नका, अशी ताकीदही दिली. शस्त्रक्रियेची पद्धत सुधारत गेली, पण तो एकाला होतो आणि दुसऱ्याला का होत नाही, या प्रश्नाकडे आम्ही डॉक्टरांनी, निदान मी तरी, म्हणावं तितकं लक्ष दिलं नाही.

माझं जुनं मत हवेतून आलेलं नव्हतं. माझ्या खुर्चीत बसणारी माणसंच ते मला पटवून देत होती. सदाशिव पेठेतल्या निवृत्त कारकुनाच्या डोळ्यात वडस क्वचित सापडायचा. वाघोलीच्या दगडखाणीत घण मारणाऱ्याच्या, मार्केट यार्डात पोती वाहणाऱ्याच्या, मराठवाड्यातून येऊन इथल्या इमारतींवर गवंडीकाम करणाऱ्याच्या डोळ्यात तो हमखास असायचा. शिबिरात एकाच वस्तीतली, एकाच आडनावाची, एकाच समाजाची माणसं रांगेत उभी असायची आणि प्रत्येकाच्या डोळ्यात तेच. मग दुसरं काय वाटणार? त्यात पाठ्यपुस्तकांत आणि परिषदांत तक्ते दाखवले जायचे: अमुक वंशात इतके टक्के, तमुक वंशात इतके. मी ते तक्ते माझ्या शिबिरावर ताणून बसवले. या लोकांच्या डोळ्याची घडणच अशी, असं ठरवून मोकळी झाले.

माझ्या मताला पहिला धक्का दिला तो विदर्भातल्या एका पाहणीनं. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतले डॉ. योस्ट योनास यांच्या गटानं २००६ ते २००८ या काळात नागपूर जिल्ह्यातल्या आठ गावांत घरोघरी जाऊन तीस वर्षांवरच्या ४,७११ माणसांचे डोळे तपासले. त्यातले वडसाचे आकडे २०१३ साली प्रसिद्ध झाले. सुमारे १३ टक्के लोकांना वडस होता. तिशीतल्या लोकांत ७ टक्क्यांच्या आसपास, सत्तरीतल्या लोकांत २५ टक्के. म्हणजे सत्तरी गाठलेल्या चारांतल्या एकाच्या डोळ्यात. वयाबरोबर तो वाढतो हे अपेक्षितच होतं. माझी नजर अडली ती दुसऱ्या गोष्टीवर: शिक्षण जितकं कमी, तितका वडस जास्त. एकाच जिल्ह्यातली गावं, एकच बोली, एकच माती, आणि फरक पडतोय तो शाळेच्या वर्षांचा! शाळेनं काही कुणाच्या डोळ्याची घडण बदलत नाही. शाळा माणसाला सावलीत बसवते आणि पुढे बहुधा सावलीतलं काम देते. जो चौथीनंतर गुरांमागे गेला, त्याचं ऊन तेव्हापासून सुरू झालं. हा अर्थ माझा आहे, त्या लेखातला नव्हे. पण एकदा तो सुचल्यावर मागे हटेना.

मग मी तेच जुने तक्ते पुन्हा काढले आणि या वेळी आडवे वाचण्याऐवजी उभे वाचले. म्हणजे एका वंशाची दुसऱ्याशी तुलना न करता एकाच वंशाची माणसं वेगवेगळ्या ठिकाणी कशी आहेत ते पाहिलं. चिनी लोकांचं उदाहरण घ्या. बीजिंगमधल्या पाहणीत चाळिशीपुढच्या लोकांत वडसाचं प्रमाण जेमतेम ३ टक्के. सिंगापूरच्या चिनी लोकांत ७ टक्के. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर, पर्ल नदीच्या मुखाजवळच्या डौमेन भागात पन्नाशीपुढच्या लोकांत ३३ टक्के. वयोगट थोडे वेगळे आहेत हे धरलं, तरी ३ आणि ३३ मधली दरी वयानं भरून निघत नाही. बीजिंग ४० अंश उत्तरेला, डौमेन कर्कवृत्ताच्याही खाली. जपानच्या दक्षिणेलाही तसंच: ओकिनावाजवळच्या कुमेजिमा बेटावर चाळिशीपुढच्या लोकांत प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात निघालं.

आपलंही तसंच. सिंगापूरच्या भारतीय वंशाच्या लोकांत ७ टक्के. नागपूरच्या खेड्यांत १३. चेन्नईच्या पाहणीत साडेनऊ. दिल्लीच्या एम्सनं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेसाठी तीन तऱ्हेच्या भूभागांत केलेल्या पाहणीत चाळिशीपुढच्या लोकांत डोंगराळ भागात सुमारे ९, मैदानी भागात ११ आणि आंध्रच्या प्रकाशम किनाऱ्यावर २० टक्के. ‘भारतीय’ ही एकच पाटी सात टक्क्यांवरही लागते आणि वीस टक्क्यांवरही. जिच्याखाली तिपटीचा फरक मावतो, ती पाटी कारण सांगत नाही.

बार्बाडोस बेटावरची पाहणी मी विद्यार्थ्यांना पूर्वी नेहमी दाखवायचे: आफ्रिकी वंशाच्या लोकांत २३ टक्के, गोऱ्यांत १० टक्के. ‘पाहा, वंशाचा फरक!’ असं म्हणून पुढची स्लाइड. ती पाहणी बारकाईनं वाचल्यावर दिसलं की गोऱ्यांची संख्या तिच्यात फारच थोडी होती. बाहेर काम करणाऱ्यांत धोका जास्त होता, उन्हात गॉगल वापरणाऱ्यांत तो बराच कमी होता, आणि त्वचा जितकी गडद तितका तो उलट घटत होता. वंशाचा म्हणून जो आकडा मी दाखवत होते, त्यात उसाच्या मळ्यांचं आणि उघड्यावरच्या मजुरीचं ऊन किती आणि रक्त किती, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

महाराष्ट्रात तर हा प्रश्न आणखी टोचणारा आहे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या काम जन्मानं ठरत आलं. कोण दगड फोडणार, कोण मासे मारणार, कोण दुसऱ्याच्या शेतात राबणार, कोण रस्ता झाडणार आणि कोण छपराखाली बसून लिहिणार, हे मूल पाळण्यात असतानाच ठरलेलं असे. अशा समाजात ‘समाज’ किंवा ‘घराणं’ असा रकाना भरला की आपण नकळत ऊनच मोजत असतो. आईला वडस होता, लेकीला आहे. पण आईनं ज्या बांधावर खुरपं चालवलं त्याच बांधावर लेकीनंही चालवलं. डोळ्याचा वारसा आणि उन्हाचा वारसा एकाच घरात, एकाच हातून हातात येतात. केसपेपरवरच्या ‘होय’मध्ये हे दोन्ही असतात. ते वेगळे करायचे तर पुढचा प्रश्न विचारावा लागतो आणि तो मी विचारत नव्हते.

शिरूर तालुक्यातल्या दोन सख्ख्या बहिणी एकदा एकत्र आल्या होत्या. मोठीचं लग्न शेतकरी घरात झालेलं. आयुष्य कांद्याच्या लागवडीत आणि ऊस खुरपण्यात गेलेलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत वडस, उजव्या डोळ्यात तर बाहुलीच्या काठाला टेकलेला. धाकटी डी. एड. होऊन पुण्यात शाळेत शिकवत होती. तिच्या डोळ्यात नाकाकडे फक्त एक पिवळसर उंचवटा होता. त्याला पिंग्वेक्युला म्हणतात आणि तो बहुधा बुबुळापर्यंत जात नाही. मोठी म्हणाली, ‘आमच्या घरातच हाये ते. हिला पण व्हईल.’ धाकटी घाबरून माझ्याकडे पाहत होती. दोन बहिणींवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ‘ताई, तुझं बालपण उन्हात गेलं म्हणून हा ठिपका आहे, पुढचं आयुष्य सावलीत गेलं म्हणून तो तिथंच थांबलाय,’ हे मी तिला सांगितलं, तेव्हा माझ्याच तोंडून निघालेलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

बालपणाचा उल्लेख मी उगीच केला नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला झालेला एक अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. आयुष्याची पहिली पाच वर्षं विषुववृत्तापासून तीस अंशांच्या आत काढलेल्यांना वडसाचा धोका जवळपास चाळीसपट आढळला. पुणे साडेअठरा अंशांवर आहे. आपला सगळा महाराष्ट्र, गोंदियापासून सावंतवाडीपर्यंत, तीस अंशांच्या आतच आहे. म्हणजे आपल्याकडे जन्मलेलं प्रत्येक मूल त्या पट्ट्यातलंच; तिथून पुढे फरक पडतो तो कोण किती उन्हात उभं राहतं याचा.

ऊन नाकाकडच्याच बाजूला का बोचतं, हे कोडं ऑस्ट्रेलियातले डॉ. मिनास कोरोनियो यांनी सोडवलं. त्यांचं म्हणणं असं: बाजूनं, कानशिलाकडून येणारा प्रकाश कॉर्नियात शिरतो, आतून वळतो आणि पलीकडच्या, म्हणजे नाकाकडच्या कडेवर एकवटतो. भिंगानं ऊन गोळा करून कागद जाळावा तसं. त्या कडेवर मूळ प्रकाशाच्या सुमारे वीसपट तीव्रता होते. कॉर्नियाचा पृष्ठभाग सतत नवा करणाऱ्या पेशी नेमक्या त्या कडेवरच असतात. वर्षानुवर्षं त्या अतिनील किरणांनी भाजत राहिल्या की कॉर्निया आणि पांढरा भाग यांच्यातलं कुंपण मोडतं आणि मांस आत सरकतं. नाकाच्या बाजूचा प्रकाश नाकच अडवतं, म्हणून कानाकडच्या कडेला वडस क्वचित. हे वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की फुटपाथवर मिळणारा छोटा, चपटा गॉगल समोरचं ऊन अडवतो, पण जे ऊन बाजूनं येतं त्याला दार उघडंच ठेवतो. काच नुसती काळी असेल आणि अतिनील किरण अडवत नसेल, तर अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण उलट जास्त आत जातात.

भर दुपारी डोळ्याला सगळ्यात जास्त त्रास होतो, हाही माझा समज गेला. जपानमधल्या कानाझावा वैद्यकीय विद्यापीठाच्या संशोधकांनी पुतळ्यांच्या डोळ्यांत संवेदक बसवून दिवसभर मोजमाप केलं. सूर्याकडे तोंड असेल तर डोळ्यावर पडणारे अतिनील किरण सकाळी आठ ते दहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत सर्वाधिक निघाले. भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो आणि भुवईचं हाड डोळ्याला सावली देतं. त्वचेसाठी बारा ते तीन टाळा हे बरोबरच आहे, पण डोळ्याचं घड्याळ वेगळं चालतं.

आता पुण्याची सकाळ आठवा. स्वच्छ संस्थेच्या कचरावेचक भगिनी दारोदार ढकलगाडी फिरवत असतात. पालिकेच्या सफाई कामगारांची पाळी सुरू झालेली असते. मजूर अड्ड्यावर गवंडी आणि बिगारी उभे असतात. चौकात वाहतूक पोलीस असतो. शिवाय हे दुचाक्यांचं शहर. कोथरूडहून मगरपट्ट्याला जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सकाळी उगवतीचं ऊन असतं आणि संध्याकाळी परतताना मावळतीचं. या शहरातल्या मुलींनी चेहऱ्याला स्कार्फ बांधायची पद्धत रुजवली. त्यानं गाल वाचतात, डोळे मात्र उघडेच राहतात. हेल्मेटसक्तीला विरोध करण्यात पुणेकरांनी बरीच वर्षं घालवली, मीही त्या चर्चेत कधी डोळ्यांच्या बाजूनं बोलले नाही. हेल्मेटची पॉलिकार्बोनेटची काच खाली ओढलेली असेल तर अतिनील किरण जवळपास सगळे अडतात, धूळही अडते, आणि धुळीनं चुरचुरणारा, कोरडा पडलेला डोळा वडसाला जवळचा.

आपली डोक्यावरची वस्त्रंही मी नव्या नजरेनं बघायला लागले. गांधी टोपी, फेटा, टॉवेलची चुंबळ. उन्हापासून डोकं वाचवतात, कपाळाच्या पुढे मात्र बोटभरही सावली पाडत नाहीत. कपाळावर पुढे ओढलेला पदर थोडीफार पाडतो. चहूबाजूंनी रुंद काठ असलेली टोपी डोळ्यावर येणारं ऊन साधारण निम्म्यावर आणते. शेतात अशी टोपी घातलेला माणूस आपल्याकडे अजून दुर्मिळ आहे.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मी वंशाचा रकाना फाडूनच टाकला. तसं नाही, आणि हे सांगणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण एका टोकावरून दुसऱ्या टोकाला उडी मारणं म्हणजे मत बदलणं नव्हे. सिंगापूरच्या ज्या पाहणीत भारतीय आणि चिनी लोकांत ७-७ टक्के निघाले, त्याच पाहणीत मलय लोकांत साडेपंधरा टक्के निघाले. शहर एक, अक्षांश एक, तपासायची पद्धत एक. वय, लिंग, बाहेरचं काम यांचा हिशोब वजा केल्यावरही मलय लोकांतलं प्रमाण जास्तच राहिलं. यात बालपणी खेड्यात काढलेलं, कुठल्याच प्रश्नावलीत न आलेलं ऊन असेल. अतिनील किरणांनी झालेली हानी भरून काढण्याची पेशींची ताकद वंशागणिक कमीजास्त असेल. काही कुटुंबांत वडस पिढ्यान्‌पिढ्या, तरुण वयात दिसतो, तेही खरंच आहे. शेजारी शेजारी, एकाच साइटवर दहा वर्षं काम केलेल्या दोघांपैकी एकालाच वडस होतो. त्यात देहाचा वाटा नक्की आहे. पण तो वाटा माझ्या हातात नाही, रुग्णाच्याही हातात नाही. उन्हाचा वाटा हातात आहे, आणि माझ्या वाचनाप्रमाणे मोठा वाटाही तोच आहे.

या बदललेल्या मतानं माझं ऑपरेशन थिएटरही बदललं. वडस नुसता खरवडून जागा उघडी सोडायची जुनी पद्धत होती. त्यात तो पुन्हा उगवण्याचं प्रमाण चौथ्या हिश्शापासून निम्म्याच्याही पुढे जायचं. १९८५ साली बोस्टनचे डॉ. केनिथ केनियन यांनी रुग्णाच्याच डोळ्याच्या वरच्या भागातलं आवरण काढून त्या जागी बसवायची पद्धत प्रसिद्ध केली. आज आम्ही तेच करतो, टाक्यांऐवजी जैविक गोंदानं किंवा रुग्णाच्याच रक्तानं ते चिकटवतो, आणि पुन्हा उगवणं बरंच आटोक्यात आलं आहे. पण तरुण माणसात तो पुन्हा येण्याची शक्यता जास्तच असते. तिशीतला बिगारी ऑपरेशन करून आठवड्याभरात त्याच स्लॅबवर, त्याच उन्हात उभा राहतो. पूर्वी तो परत आला की मी ‘यांच्यात उगवतोच’ असं म्हणायचे. आता ऑपरेशनच्या आधीच त्याच्या हातात चष्मा देते आणि मुकादमाचा नंबर मागून घेते.

प्रत्येक वडस कापायचाही नसतो, हे इथे सांगायला हवं. लहान, स्थिर, डोळ्याला त्रास न देणारा वडस वर्षाकाठी एकदा मोजून ठेवला तरी पुरतं. बाहुलीकडे सरकत असेल, नंबर वाढवत असेल, सतत लाल होत असेल तर काढावा. भराभर वाढणारा, पांढुरका, खडबडीत दिसणारा उंचवटा मात्र वडस समजून सोडू नये. क्वचित तो कर्करोग असतो, तो काढून तपासणीला पाठवावाच लागतो. आणि मेडिकलमधून लाली घालवायचे थेंब परस्पर आणून महिनोन्‌महिने घालू नका. त्यांत स्टेरॉइड असेल तर डोळ्याचा दाब वाढतो आणि काचबिंदू होऊन गेलेली नजर परत येत नाही. वडसानं आंधळी झालेली माणसं मी थोडी पाहिली, त्यावरच्या चुकीच्या थेंबांनी नजर गमावलेली जास्त.

गॉगल म्हणजे मिरवायची वस्तू, हे आपल्याकडे घट्ट बसलेलं आहे. सफाई काम करणाऱ्या एका मावशींना मी काळा चष्मा सुचवला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मॅडम, झाडू हातात आन्‌ डोळ्याला गॉगल? लोक काय म्हणतील?’ त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण उपाय त्यातही आहे. अतिनील किरण अडवायला काच काळी असावीच लागत नाही. वर्कशॉपमध्ये वापरतात तो पॉलिकार्बोनेटचा पांढरा, बाजू झाकलेला चष्मा हे किरण जवळपास पूर्ण अडवतो, धूळ आणि खडीचे कणही अडवतो. हार्डवेअरच्या दुकानात तो शे-दीडशे रुपयांच्या आत मिळतो. तो कामाचा चष्मा दिसतो, मिरवण्याचा दिसत नाही. मावशींनी तो घेतला.

म्हणून माझी विनंती आहे ती डॉक्टरांना कमी आणि बाकीच्यांना जास्त. बांधकाम व्यावसायिकांनी हेल्मेट आणि बुटांइतकाच हा चष्मा साइटवर सक्तीचा करावा. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून नोंदणी झालेल्या कामगारांना सुरक्षा संच मिळतो. त्यातला चष्मा बाजू झाकणारा आणि किरण अडवणारा आहे ना, हे मुकादमानं पाहावं. पालिकेनं सफाई कामगारांच्या गणवेशात काठाची टोपी घालावी. शाळांनी सकाळची कवायत झाडाखाली किंवा इमारतीच्या सावलीत घ्यावी आणि मुलांना टोपीशिवाय मैदानावर सोडू नये, कारण या आजाराची सुरुवात तिथं होते आणि माझ्याकडे तो तीस वर्षांनी येतो. आणि वाचकहो, तुमच्या सोसायटीचा माळी, कचरा न्यायला येणाऱ्या ताई, रस्त्याच्या कडेला ऊन झेलत भाजी विकणाऱ्या मावशी, यांच्यापैकी एकाला तरी या आठवड्यात असा एक चष्मा घेऊन द्या, आणि तो काळा नाही म्हणून कमी कामाचा नाही, हेही त्यांना सांगा.